पाच बोटांत अज्जा नाहीत

शाळेतून आलेली चिठ्ठी सुनेने फ्रिजला चुंबकाने लावली, तेव्हाच माणिकप्पांनी ओळखलं की हे काम फिरून आपल्याच गळ्यात पडणार. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'मुलांची सुरक्षितता : पालकांसाठी मार्गदर्शन. घरातील एक मोठी व्यक्ती हजर हवी.' सून तनुजा देवणीकडच्या एका शाळेत शिक्षिका. त्या दिवशी तिच्या शाळेत तपासणी होती. मुलगा विरूपाक्ष उदगीरच्या मोंढ्यातल्या आडत दुकानावर, आणि हरभऱ्याची आवक जोरात. बायको उमादेवी म्हणाल्या, "मला गुडघे हायत." जणू बाकीच्यांना नव्हते. उरली घरातली एकच मोठी व्यक्ती, जिच्या मोठेपणाची आठवण घराला अशाच वेळी होत असे.

माणिकप्पांनी तयारी मात्र कसून केली. सुरक्षितता म्हणजे गॅसची नळी, गल्लीतली कुत्री आणि शाळेसमोरचा खड्डा. कुत्र्यांबद्दल त्यांच्याकडे दोन मतं होती, खड्ड्याबद्दल तीन. धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर रुमाल अशा थाटात ते शाळेच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत जाऊन बसले.

खांद्यावरच्या त्या रुमालाबद्दल सांगायला हवं. माणिकप्पांच्या उमेदीच्या काळात मोंढ्यातले सौदे तोंडाने होत नसत. आडत्या आणि खरेदीदार समोरासमोर बसत, हातांवर रुमाल टाकत, आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला कळत नसे. पुढे जाहीर लिलाव आले, रुमाल गेला. पण रुमालाखालचा भाव आपण कधी फोडला नाही, हा माणिकप्पांचा अभिमान कायम राहिला. रुमालाबाहेर ऐकलेलं मात्र त्यांनी कधीच आत ठेवलं नाही. मोंढ्यातल्या हनुमानाच्या पारावर रोज सकाळी त्यांची बैठक भरे आणि घरातली कोणतीही गोष्ट तिथं तासाभरात तिखटमीठ लावून हजर होई. उमादेवींनी एकदा फ्रिजमध्ये चष्मा ठेवला होता. त्याला आता अकरा वर्षं झाली, पण पारावर तो अजून थंडच होता.

हॉलमध्ये तीसेक बाया होत्या. पाच-सात पुरुष दाराजवळच्या खुर्च्यांवर, म्हणजे निघायला सोपं. मार्गदर्शन करायला लातूरहून वर्षाराणी मॅडम आल्या होत्या. वय तिशीच्या आतबाहेर, आवाज साधा. त्यांनी नमस्कार केला आणि कुत्र्याखड्ड्याचं नाव न घेता थेट सांगून टाकलं, की मुलांच्या शरीराला कुणी वाईट हेतूने हात लावू नये आणि लावला तर ते मुलाला आपल्याला सांगता यावं, यासाठी आपण जमलो आहोत. त्याबरोबर दाराजवळच्या एका गृहस्थांनी फोन कानाला लावला आणि ते बाहेर गेले. फोन वाजलाच नव्हता, असं माणिकप्पांचं मत पडलं. आपल्यालाही बाहेर एखादा फोन असता तर बरं झालं असतं, असंही वाटलं. पण पहिल्या रांगेतून उठणं म्हणजे अख्ख्या सभेला पाठ दाखवणं. ते बसून राहिले, आणि बसल्यावर ऐकू येऊ लागलं.

"मुलीसाठी कोण कोण आलंय?" मॅडमनी विचारलं. भराभर हात वर.

"आणि मुलासाठी?"

माणिकप्पांनी कोपरापर्यंत हात उचलला, लिलावात आपली बोली लागली असं कुणी समजू नये इतपतच.

"नीट वर करा, अज्जा. त्रास मुलांनाही होतो. आणि मुलगे तर सांगतही नाहीत. कारण त्यांना कुणी विचारतच नाही."

पुढचा पाऊण तास माणिकप्पा ऐकत राहिले. मॅडम म्हणाल्या, असा माणूस बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. घरात चहा पिऊन जाणारा, कामाला धावणारा. तो आधी मोठ्यांचा विश्वास मिळवतो, मग मुलाचा. काहीतरी देतो, लाड करतो, आणि म्हणतो, हे आपल्या दोघांतच. म्हणून मुलांना सांगा, वाढदिवसाची भेट चार दिवस लपवली तर चालते, कारण ती शेवटी सगळ्यांना दिसते. पण जे कायमचं लपवायला सांगितलं जातं, ते घरी सांगायचंच. अवयवांची नावं सरळ घ्या, नाकाकानासारखी. आणि पाहुणा आला की 'दे काकाला पापा' म्हणून लेकराला पुढे ढकलू नका.

माणिकप्पांना राहवलं नाही. "मॅडम, म्हंजे आम्ही आज्यानं पापा मागायचाच न्हाई का?"

"मागा की. तो नको म्हणला तर 'बरं' म्हणा."

"आन् 'बरं' म्हणल्यावर?"

"काही नाही. चहा प्या."

बाया हसल्या. माणिकप्पांनीही मान डोलावली. उत्तर पारावर खपण्यासारखं होतं.

शेवटी मॅडमनी गृहपाठ दिला. घरी जाऊन मुलाला एक हात पुढे करायला सांगा. म्हणा, तुला कधी भीती वाटली, कुणाचं वागणं आवडलं नाही, तर तू कुणाकुणाला सांगशील? एका बोटाला एक माणूस. पाच माणसं. "आणि मुलाने जी नावं घेतली, त्यावर भांडू नका," त्या म्हणाल्या. माणिकप्पांना ही शेवटची सूचना फालतू वाटली. यात भांडण्यासारखं काय असणार?

नातू शिवांश आठ वर्षांचा, तिसरीत. संध्याकाळी तो ओट्यावर बसून रंगकाम करत होता. माणिकप्पांनी गृहपाठ सांगितला. त्याने डावा हात पुढे धरला आणि उजव्या हाताने बोटं मोजायला सुरुवात केली.

"आई." अंगठा.

"अज्जी." आतून उमादेवींनी कढई खाली ठेवल्याचा आवाज आला.

"पप्पा."

माणिकप्पा सावरून बसले. आता आपलंच.

"वर्षाराणी मॅडम. त्या आज आमच्या वर्गातपण आल्या होत्या."

चाळीस मिनिटांची ओळख! करंगळी उरली होती. शिवांशने तिच्याकडे नीट पाहिलं, विचार केला आणि म्हणाला, "सरजाबाई."

"कोन सरजाबाई?"

"शाळेच्या गेटवरच्या मावशी."

"आन् अज्जा?"

शिवांशने हात उलटासुलटा करून पाहिला. "बोटं संपली," तो म्हणाला, आणि पुन्हा रंग भरू लागला.

माणिकप्पा भांडले नाहीत. ते आत गेले, पाणी प्याले आणि बाहेर आले. पुन्हा आत जाऊन पाणी प्याले.

"का हो, घसा सुकला का?" उमादेवींनी विचारलं. त्यांचा दुसरा नंबर लागल्याने त्यांच्या आवाजात गोडी होती.

"तू त्याला शेंगदाण्याचा लाडू देतीस मनून तुजा नंबर."

"तुम्हीबी देता की. फुटाणे."

ते खरं होतं. त्यामुळे प्रश्न सुटला नाही. माणिकप्पांना रात्री झोप लागायची ती लागली, पण सकाळी डोळे उघडल्यावर पहिलं नाव आलं ते सरजाबाईचं. या बाईकडे असं काय आहे, जे आपल्याकडे नाही? चाळीस वर्षं माणसाचं बोट दाबून त्याच्या मनातला भाव ओळखणाऱ्याला स्वतःच्या नातवाच्या बोटावर जागा मिळू नये, याचं दुःख कमी आणि नवल जास्त होतं. त्यांनी त्या दिवशी पार चुकवला आणि शाळा गाठली.

सरजाबाई गेटजवळ खराटा टेकवून पाण्याच्या टाकीला टेकून बसल्या होत्या. पन्नाशीची बाई, कपाळावर गोंदण. माणिकप्पांनी ओळख सांगितली आणि सरळ मुद्द्यावर आले.

"बाई, तुमी आमच्या पोराला काय देता?"

"म्या? शिव्या देते. टाकीवर चढतंय मनून."

"न्हाई, मंजी… त्यानं तुमाला पाचात घेतलंय."

गृहपाठाची भानगड समजावून सांगायला थोडा वेळ लागला. सरजाबाईंनी पदराने तोंड पुसलं. त्या खूश झाल्या होत्या, पण दाखवत नव्हत्या.

"एकडाव त्यानं मला एक गोष्ट सांगितली व्हती. म्हनलं, मावशी हसू नका. म्या हसले न्हाई. त्याचं काम करून दिलं, बस."

"कोन्ती गोष्ट?"

"ती तुमाला कशाला सांगू?"

"मी त्याचा अज्जा हाय!"

"मंग त्येला इचारा. गोष्ट त्येची हाय."

भाव फोडायचा नाही, हा नियम त्यांच्याखेरीज जगात आणखी कुणी पाळतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं; आणि त्या बाईकडे तर रुमालही नव्हता.

ते वळणार, तेवढ्यात सरजाबाई म्हणाल्या, "अज्जा, एक इचारू? सुटताना त्येला न्यायला मोटारसायकलवर येतंय ते कोन?"

"दयानंद. आमच्या शेजारच्याचा मुलगा. लई कामाचा पोरगा. का?"

"काय न्हाई. घंटा झाली की समदी लेकरं पळतेत. तुमचं लेकरू चप्पल शोधत बसतंय."

"शोधू द्या की."

"पायात बूट असून?"

माणिकप्पा शाळेतून घरी चालत आले. एरवी पंधरा मिनिटांची वाट, पण मधे तीन वेळा थांबावं लागलं, कारण काहीतरी आठवत होतं आणि चालता चालता नीट आठवत नव्हतं.

दयानंद. तिशीतला, अविवाहित. उमादेवींचा सिलिंडर तो चढवून देई, माणिकप्पांचा मोबाईल तोच नीट करी. दिवाळीआधी तनुजाची बदली झाली आणि शिवांशला शाळेतून कोण आणणार हा प्रश्न पडला, तेव्हा दयानंद स्वतःहून म्हणाला होता, "मी हाय की, काकू." देवमाणूस, असं उमादेवी म्हणाल्या होत्या. आणि माणिकप्पांनी ते पारावर चार वेळा सांगितलं होतं.

मग संक्रांतीच्या सुमारास एक दिवस शिवांश त्यांच्याजवळ येऊन म्हणाला होता, "अज्जा, मला दयानंदकाकाच्या गाडीवर नाही बसायचं. मी चालत येतो." आणि माणिकप्पा हसले होते. गाडीला घाबरतंय पोरगं! दुसऱ्या दिवशी पारावर गोष्ट तयार: आमच्या नातवाचा गाडीवर भरवसा न्हाई, त्याचं समदं सैन्य पायी चालतंय. त्यांचे जुने जोडीदार गुरुपादप्पा हसून हसून खोकले आणि त्यांनी शिवांशला नाव ठेवलं, पायदळ. महिना झाला, मोंढ्यात पोरगं दिसलं की हमालसुद्धा विचारत, "काय पायदळ, कुटं निघाली स्वारी?" आणि माणिकप्पांना आपली गोष्ट चालली याचा आनंद होई.

तिसऱ्यांदा थांबले तेव्हा त्यांना आणखी एक आठवलं. दिवाळीपर्यंत शिवांश रोज संध्याकाळी रुमाल मागत असे. रुमालाखाली बोटं दाबून सौदा करायचा खेळ त्यांनीच त्याला शिकवला होता; कधी पेरूचा सौदा, कधी गृहपाठ न करण्याचा. तो खेळ पोराने कधी सोडला, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

त्या दुपारी शाळा सुटायच्या वेळी माणिकप्पा स्वतः गेटवर जाऊन उभे राहिले. दयानंद गाडी घेऊन आला होता. "अज्जा, तुमी कशाला ऊन खाल्लं? मी हाय की!"

"आज आमाला पायी जायचंय," माणिकप्पा म्हणाले.

शिवांश बाहेर आला. अज्जांना पाहून त्याला चप्पल शोधावी लागली नाही.

विचारायचं कसं, हे माणिकप्पांना येत नव्हतं. हे कबूल करायला त्यांना शाळेपासून घरापर्यंतचं अंतर लागलं. गोष्ट सांगायला लागा, शंभर येतील. पण एका आठ वर्षांच्या माणसाला एक साधा प्रश्न विचारायला शब्द सापडेना. शेवटी त्यांनी आपल्याला येत होतं तेच केलं. ओट्यावर, दार उघडं ठेवून, दोघं समोरासमोर बसले. आत उमादेवी तांदूळ निवडत होत्या. माणिकप्पांनी खांद्यावरचा रुमाल काढून मधे पसरला.

"बोलायचं नसंल तर बोटानं सांग," ते म्हणाले. "रुमालाखाली. कुनाला दिसनार न्हाई."

शिवांशने हात मागे घेतला.

"झाकून नको."

"कामून?"

"ते पण तसंच म्हणतात. कुणाला दिसायला नको, कुणाला कळायला नको."

माणिकप्पांच्या हातातला रुमाल तसाच राहिला. याच रुमालावर त्यांचं घर उभं राहिलं होतं. भोवतीच्या पन्नास माणसांना न कळता दोघांत उरकायचं, ही त्यांची हिकमत. तीच हिकमत दुसऱ्या कुणीतरी त्यांच्या नातवावर चालवली होती, आणि तीही त्यांच्याच घरातला चहा पिऊन. त्यांनी रुमालाची घडी घातली. घडीवर घडी घालून तो अगदी छोटा केला आणि मांडीखाली ठेवून दिला.

"बरं," ते म्हणाले.

मॅडमनी सांगितल्याप्रमाणे यानंतर चहा प्यायचा होता. चहा नव्हता, म्हणून ते नुसते बसले. रस्त्यावरून सोयाबीनच्या पोत्यांचा टेम्पो गेला. एक शेळी आली, तिने ओट्याची पायरी हुंगली आणि गेली. माणिकप्पा आयुष्यात इतका वेळ न बोलता बसले नव्हते.

"हसणार नाही ना?" शिवांश म्हणाला.

"न्हाई."

"मोंढ्यात सांगणार नाही ना? गुरुपादअज्जांना?"

"न्हाई."

"शपथ?"

"मोंढ्यात कदीच न्हाई. शपथ." मग तोंडाला आलेलं पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. ते वाक्य होतं, कुनालाच सांगनार न्हाई. तसं म्हटलं असतं तर पोरगं लगेच बोललं असतं. कोणताही आडत्या तसंच म्हणाला असता. पण मॅडमनी हे मुद्दाम बजावलं होतं, की पाळता न येणारं वचन देऊ नका. "पन तुज्या आईला आन् पप्पाला सांगावं लागंल, शिवा. ते तुज्या पाचातलेच हायत. मी एकटा ह्यात पुरनार न्हाई."

शिवांशने त्यावर बराच विचार केला. माणिकप्पांना वाटलं, सौदा मोडला.

"आईला चालेल," तो म्हणाला. आणि मग त्याने सांगितलं.

मोंढ्यामागच्या बंद गोदामाकडे दयानंद गाडी वळवत असे. तिथं तो मोबाईलवर गेम खेळायला देई. आणि तिथं काय होई, हे शिवांशने सांगितलं तेवढं माणिकप्पांनी ऐकलं, मधे एकही प्रश्न न विचारता. ते इथं लिहिण्याचं कारण नाही. गोष्ट त्याची आहे. एवढंच सांगता येईल की त्याने दोन वेळा "मी नको म्हणालो होतो" असं म्हटलं, आणि दोन्ही वेळा अज्जांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, हसतायत का म्हणून.

"तू मला पैलेच सांगितलं व्हतंस," माणिकप्पा म्हणाले. "गाडीवर बसायचं न्हाई म्हनलास. मी ऐकलं न्हाई. चूक माजी हाय. तुजी बिल्कुल न्हाई."

"पायदळ पण तुम्हीच केलं."

"तेबी मीच."

आतला तांदूळ निवडण्याचा आवाज कधीचाच थांबला होता.

संध्याकाळी तनुजा आणि विरूपाक्ष आले. शिवांशला उमादेवींनी आत लाडू दिला आणि माणिकप्पांनी बाहेर, थोडक्यात, एकही शब्द न सजवता, सांगितलं. त्यांच्या आयुष्यातली ही सगळ्यात छोटी गोष्ट. तनुजा भिंतीला टेकली. विरूपाक्ष उठला आणि गाडीची चावी शोधू लागला. ती सापडेना.

"चावी कुठाय?"

"माज्या कनवटीला," उमादेवी दारातून म्हणाल्या. "आन् तिथंच राहनार. तू जाऊन त्याचं डोस्कं फोडशील, मंग पोलीस तुला नेतील, आन् तो मोकळा."

"पण अव्वा—"

"बस खाली." मग त्यांचा आवाज उतरला. "मी त्याला देवमानूस म्हनलं रे. माजा सिलिंडर चढवायचा… त्याची आई माज्या भजनात हाय. आता ती म्हनंल, आमच्या पोरावर आळ घेतला. समदी गल्ली म्हनंल." त्यांनी डोळे पुसले. "म्हनू दे. गल्लीचं मी बघते."

माणिकप्पा बायकोकडे पाहत राहिले. दुसऱ्या बोटावर ही कशी, याचा उलगडा झाला.

तनुजाने वर्षाराणी मॅडमना फोन लावला. मॅडमनी शांतपणे सांगितलं: तो बोलला हे खूप मोठं आहे, आणि तुमचा त्याच्यावर विश्वास आहे हे त्याला आजच सांगा. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. त्या माणसाच्या घरी जाऊ नका, त्याला सावध करू नका. मुलाने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, आणि एक शून्य नऊ आठ या मुलांच्या मदतीच्या नंबरला फोन करा. पोलिसांत तक्रार द्यायची. त्याला ठाण्यात न्यावं लागत नाही. कायद्याने बाई अधिकारी घरी येते, साध्या कपड्यांत.

लिहिण्याचं काम माणिकप्पांकडे आलं. अक्षर त्यांचं चांगलं होतं. त्यांनी शिवांशचे शब्द जसेच्या तसे उतरवले. एका ठिकाणी पेन अडखळलं, कारण तिथं सवयीने एक उपमा येत होती. त्यांनी ती येऊ दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडी नेसलेली एक तरुण अधिकारी आली. तिने आधी शिवांशचं चित्र पाहिलं, मग त्याच्याशी बोलली. तनुजा शेजारी बसली होती. दुपारपर्यंत पोलिसांनी दयानंदला घरातून नेलं. मग त्याची आई दारात येऊन ओरडली, रडली. उमादेवी गुडघे धरत बाहेर गेल्या, त्यांनी तिला पाणी दिलं आणि शब्द मात्र एकही मागे घेतला नाही. दोन दिवसांनी कळलं की गल्लीतली आणखी एक आई वर्षाराणी मॅडमचा नंबर मागत होती.

आठवडाभराने माणिकप्पा पारावर गेले. सगळे वाटच पाहत होते. गुरुपादप्पांनी सरकून जागा केली, तंबाखू पुढे केली आणि गळा साफ केला.

"मानिकप्पा, तुज्या घरी त्या दिवशी बाई कोन आलती रे? आन् दयानंदचं काय झालं मन्तेत?"

भोवतीचे सगळे पुढे झुकले. अकरा वर्षांत इतका कच्चा माल पारावर आला नव्हता.

"पाव्हनी व्हती," माणिकप्पा म्हणाले.

"आन्?"

"आन् काय. च्या पिली."

गुरुपादप्पांनी बराच वेळ वाट पाहिली. चष्म्याच्या गोष्टीला सुद्धा सुरुवात अशीच सुस्त होत असे. पण पुढे काही आलंच नाही.

"आनखी एक," माणिकप्पा उठता उठता म्हणाले. "माज्या नातवाचं नाव शिवांश हाय. पायदळ-बियदळ बंद. ते नाव मी ठेवलं, मीच मोडलं."

"अरे, गंमत रे!"

"गंमत त्याला इचारून करू. तो हसला तर."

लोक म्हणाले, माणिकप्पा म्हातारा झाला. तब्येत दाखवायला पाहिजे.

आता शाळेत ते स्वतः जात. सरजाबाई त्यांना टाकीशेजारी बसायला जागा देत आणि दोघं घंटा होईपर्यंत फार काही न बोलता बसत. सरजाबाईंना ते सहज जमे, माणिकप्पांना सरावाने जमू लागलं होतं. शिवांश दर शनिवारी वर्षाराणी मॅडमकडे लातूरला जाई, आईबरोबर बसने. काही दिवस तो हसत येई, काही दिवस नाही. विचारायचं नाही, हे ठरलेलं होतं.

अशाच एका दुपारी, शाळेतून पायी येताना, माणिकप्पांनी धीर करून विषय काढला.

"शिवा, ते पाच बोटांचं… काय बदल-बिदल?"

शिवांशने चालता चालता डावा हात पुढे धरला. आई, अज्जी, पप्पा, मॅडम, सरजाबाई. सगळे जागच्या जागी. एकाचीही बदली झालेली नव्हती.

"बरं," माणिकप्पा म्हणाले.

रसवंतीपाशी शिवांश थांबला. "मॅडम म्हणाल्या, दुसरा हात पण वापरला तर चालतो."

त्याने उजवा हात पुढे केला. चारही बोटं मिटली, एक उघडं ठेवलं आणि त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग अज्जांकडे पाहिलं.

"करंगळी," तो म्हणाला. "आत्ता करंगळी. पुढचं पुढे बघू."

माणिकप्पांनी मान हलवली, उसाचे दोन रस सांगितले आणि ग्लास येईपर्यंत रुमालाने तोंड पुसत राहिले. तोंड कोरडंच होतं. इतकी मोठी बातमी त्यांच्याकडे आयुष्यात आली नव्हती, आणि ती त्यांनी पारावर कुणालाही सांगितली नाही.